दर्याचे पैसे

सोयाबीन वाळत आलं की आमच्या गावच्या हवेला एक वास येतो. धुळीचा, करपल्या पानांचा, आणि त्याच्या खाली कुठंतरी तेलाचा. दुपारचं ऊन चटके देतं, पहाटे मात्र अंगावर काहीतरी ओढून घ्यावं वाटतं. दसरा होऊन गेलेला असतो, दिवाळीचं नाव अजून कोणी काढलेलं नसतं. मधल्या त्या दिवसांत जवळा बाजारपासून आमच्या गावापर्यंतचं सगळं शिवार तपकिरी होऊन जातं. बांधानं चालावं तर शेंगा तडकल्याचा बारीक आवाज येत राहतो, कोणी लांब बसून बोटं मोडावीत तसा.

परवा मी मशीनवर ब्लाऊज शिवत बसले होते. खिडकीतून तो वास आला, आणि मागोमाग रस्त्यानं हार्वेस्टर गेलं. एवढं मोठं धूड, आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळताना भिंतीला घासतं की काय असं वाटलं. पोरं ओरडत मागं पळाली. माझा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच थांबला. सुई कापडात रुतलेली. किती तरी वेळ मी ती वर काढलीच नाही.

आम्ही चौघी होतो. मी छाया, बारावीपर्यंत शिकलेली, वर्षभर गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवणारी आणि हंगामात विळा हातात घेणारी. रेखा माझी शेजारीण. आमच्या दोघींची घरं बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, भिंतीला भिंत लावून. जमुनाबाई तांड्यावरच्या, आमच्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, बोलायला फटकळ आणि हाताला सढळ. आणि मंगल. मंगलचं घर गावाच्या वरच्या अंगाला. दोन म्हशी, थोडं शेत, सासू, नवरा, एक मुलगी. शेतात सोंगणीला ओळीनं बसलं की मंगलची ओळ सगळ्यांच्या पुढं असायची. ती कधी घाई करताना दिसायची नाही. विळा आणि तिचं मनगट यांचं आपसांत काहीतरी ठरलेलं असावं, आणि ती नुसती सोबतीला चाललेली.

सोयाबीन सोंगणं म्हणजे हातांची परीक्षा. पहाटे दवानं शेंगा नरम असतात तोवर बरं. ऊन चढलं की त्या सुया होतात. आम्ही घरातल्या माणसांचे जुने फुलबाह्यांचे शर्ट साडीवर चढवायचो, डोक्याला गच्च फडकं, हातात पोरांचे फाटके मोजे. रस्त्यानं जाणाऱ्याला बाई कोणती आणि बुजगावणं कोणतं, ओळखू येऊ नये. एखाद्या शेताचं गुत्तं घ्यायचं, म्हणजे एवढं रान एवढ्या पैशाला, आणि चौघींनी मिळून ते संपवायचं. संध्याकाळी बोटं मिटायची नाहीत. भाकरीचं पीठ मळताना पाणी लागलं की सगळ्या चिरा एकदम बोलायच्या.

पण तो हंगाम मला आठवतो तो दुखण्यानं आठवत नाही. कडुलिंबाखालच्या दुपारी आठवतात. भाकर, ठेचा, कांदा. जमुनाबाईंच्या फोनभोवती चार डोकी.

जमुनाबाईंचा मुलगा पनवेलकडं बांधकामावर होता. त्यानं एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात पाणी होतं, नुसतं पाणी, आणि ते सारखं पुढं येऊन मागं जात होतं. वाऱ्यामुळं दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"एवढं पाणी? धरण हाय का?" मंगलनं विचारलं.

"धरण न्हाई गं, दर्या हाय," जमुनाबाई म्हणाल्या. "पोरगं गेलं व्हतं रविवारी." मग फोन पदराला पुसत त्या म्हणाल्या, "आमचे म्हातारे सांगत व्हते, बैलायच्या पाठीवर मीठ लादून दर्यावरून आणत व्हते म्हणं. पिढ्यान् पिढ्या. आन् मी पुडीतलं मीठ आणती किराणा दुकानातून. दर्या कसा असतो, पाह्यलाच न्हाई."

आम्ही हसलो. मंगल हसली नाही. तिनं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"पलीकडं काय असंल?"

"पलीकडं बी पाणीच," रेखा म्हणाली.

"म्हंजे तिकडून कोणी हाक मारणार न्हाई," मंगल म्हणाली. "मला तिथं जाऊन नुसतं उभं राहायचं हाय, बाई. काही करायचं न्हाई. उभं राहायचं."

तिथून ते सुरू झालं. हा काही बचत गट नव्हता. गटाला अध्यक्ष असतो, बैठक असते, व्याज असतं, घेतलेल्या पैशाचं कारण सांगावं लागतं. याला काहीच नव्हतं. बाजारच्या दिवशी गुत्त्याचे पैसे हातात आले की पदराच्या गाठीत जाण्याआधी प्रत्येकीनं त्यातलं थोडं माझ्याकडं द्यायचं. गाठीत गेलेलं घरी जातं, आणि घरी गेलेलं आपलं राहत नाही, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं. मी ते रिळांच्या डब्यात ठेवायची. त्याला नाव पडलं दर्याचे पैसे. "दर्याचे दिलेस का गं?" असं भर बाजारात एकमेकींना विचारायचो आणि मिरच्या विकणारी बाई आमच्या तोंडाकडं बघत राहायची.

दुसऱ्या साली रेखाचं ऑपरेशन झालं. ती काही शेतात येऊ शकत नव्हती. ती म्हणाली, माझं नाव सोडा, तुम्ही तिघी जा. मंगलनं तिच्याकडं असं पाहिलं की जसं काही तिनं फार घाण शब्द वापरला. मग आम्ही तिघींनी ओढ्याकडचा एक तुकडा जास्तीचा घेतला. "ही रेखाची ओळ," म्हणून मंगल रोज शेवटी तिथं बसायची, दिवसभराचं काम झाल्यावर, सूर्य तिच्या पाठीवर टेकलेला असताना. त्या साली रेखाचे पैसे डब्यात आमच्याइतकेच पडले. रेखानं ते ऐकलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी तिनं तिघींना तिळाच्या पोळ्या पाठवल्या. आभार वगैरे आमच्यात कोणी मानत नाही.

खरं सांगायचं तर पैशाचं फारसं अवघड गेलं नाही. पैसे साठले. दिवस साठत नव्हते. एकीच्या घरी लग्न, एकीच्या घरी वर्षश्राद्ध, एकीची म्हैस विणार, एकीची पोर दहावीला. चार घरांतून चार बायकांना एकाच वेळी चार दिवस सुटं करणं म्हणजे काय असतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. माझं बरं होतं. माझे मालक हिंगोलीला एका दुकानात कामाला, ते म्हणाले, जाऊन ये. जमुनाबाई विधवा, त्यांना विचारणारं कोणी नव्हतं, त्या म्हणायच्या तेवढंच एक सुख. रेखानं तिच्या नवऱ्याला महिनाभर थोडं थोडं करून सांगितलं. उरली मंगल.

मंगलच्या नवऱ्याचं नाव दिगंबर. दिगंबर चांगला माणूस. हे मी उपहासानं म्हणत नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात उगारल्याचं कोणी ऐकलं नाही. मी आणि रेखा त्याला विचारायला गेलो तेव्हा तो गोठ्यात होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ द्या की. म्या काय बांधून ठेवलं का तिला?" मंगल दारात उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता. तिची मुलगी वैष्णवी, दहावी होऊन घरीच होती सुट्टीत, ती चुलीपासून ओरडली, "आई, जा तू. म्हशीचं मी बघते. आजीचं बी मीच बघते."

मग मे महिना होता तरी आमच्या अंगात दिवाळी भरल्यासारखं झालं. एस.टी.ला बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळं परभणीपर्यंतचं काही वाटतच नव्हतं. परभणीहून पनवेलची गाडी. तिचं आरक्षण एका ओळखीच्या पोरानं फोनवरच करून दिलं. एकाच डब्यात चार जागा. पुढं जमुनाबाईंचा मुलगा उतरवून घेणार होता आणि दर्यापर्यंत नेणार होता. मंगलनं बाजारातून नवी चप्पल आणली आणि घरात घालून चालून बघितली. मी चौघींना आत खिसा असलेले परकर शिवले. रेखानं धपाटे केले, जमुनाबाईंनी दशम्या. शेंगदाण्याची चटणी एवढी झाली की गावाला पुरली असती. वारंवार आठवतं ते मंगलचं एक साधं विचारणं. ती रस्त्यात थांबून मला म्हणाली, "तिथं साडी भिजली तर चालती का? लोक काही म्हणत न्हाईत ना?"

मी तरी कुठं पाहिलं होतं? पण मी म्हणाले, "चालती."

निघायच्या दिवशी दिगंबरनं तिला फाट्यापर्यंत मोटारसायकलवर सोडलं. आम्ही आधीच उभ्या होतो. त्यानं टपरीवरून दोन बिस्किटाचे पुडे आणून आमच्या पिशवीत टाकले. बस येईपर्यंत थांबला. मंगल खिडकीत बसली, आणि बस हलली तेव्हा कशावरून तरी, बहुतेक जमुनाबाईंची पिशवी कंडक्टरच्या पायावर पडली त्यावरून, आम्हा चौघींना हसू फुटलं. ते थांबेना. मंगल तर डोळे पुसत होती. दिगंबर खाली उभा राहून हात वर करत होता आणि तिचं लक्षच नव्हतं.

परभणीच्या स्टेशनावर आम्ही फार लवकर पोचलो. गाडीला बराच वेळ होता. मंगलनं आयुष्यात पहिल्यांदा फलाट पाहिला. जिना चढून ती पुलावर गेली आणि दोन्हीकडच्या रुळांकडं बघत राहिली. खाली येऊन म्हणाली, "लांब पातुर हायत गं." चहा घेतला. जमुनाबाईंनी बाकावर मांडी घालून दशमी सोडली. एक मालगाडी गेली तेव्हा मंगलनं माझा दंड धरला, आणि गाडी निघून गेल्यावरही सोडला नाही. तिच्या हाताला खडबडीत चिरा होत्या, मागच्या हंगामातल्या. उन्हाळा होता, तरी त्या अजून भरल्या नव्हत्या.

तेवढ्यात फोन वाजला. फोन माझा होता. मंगलकडं स्वतःचा नव्हता.

"छायाताई, मंगलला द्या," दिगंबर म्हणाला.

ती ऐकत होती. तोंडावरचा रंग उतरत गेला तो मी बघत होते. फोन माझ्या हातात देऊन ती खाली बसली, फलाटाच्या फरशीवर.

"सासूबाई पडल्या. बोलून न्हाई राहिल्या म्हणत्यात," ती म्हणाली. मग एकदम उठली. "तुमी जा. माझं ऐका, तुमी जा. मी बस धरून जाती. मला येतंय जाता."

रेखा माझ्याकडं बघायला लागली. खोटं कशाला सांगू, एक क्षण आमच्या दोघींच्या मनात तेच आलं. गाडी थोड्या वेळात येणार होती. तीन जागा होत्या. परत हे जमणार नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. जमुनाबाईंनी दशमी पुन्हा फडक्यात बांधली. गाठ मारली. म्हणाल्या, "चौघींनी काढलंय, चौघी जाऊ. आन् हिला एकटीला ह्या टायमाला बसमदी बसवून देऊ का आपण? चला."

गाडी आली तेव्हा आम्ही पुलावर होतो. तिच्या आवाजानं पूल हलला. आमच्यापैकी कोणी खाली पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये मंगल एकच वाक्य बोलत राहिली, "सकाळी माझ्या हातानं च्या दिला त्यायला. निस्ता पिऊन कप ठिवला व्हता." जमुनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. बाहेर मोकळी, नांगरून टाकलेली रानं होती. गावात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आम्ही चौघी जवळजवळ पळतच मंगलच्या घरी गेलो.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर सूप होतं, मटकीतले खडे काढत होत्या. त्यांनी मान वर केली.

"आल्या का? काहून गं, गाडी चुकली का?"

म्हातारीनं एकेकीकडं बघितलं. "काय झालं? मला काहून बघून राहिल्या अशा?"

दिगंबर गोठ्यात होता. आमच्याकडं पाठ करून कडबा तोडत होता. त्याची मान खाली होती. वैष्णवी पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. तिला सगळं आमच्याही आधी कळलं असावं. तिच्या चेहऱ्यावरून तसंच वाटत होतं. मी वाट बघत होते मंगल ओरडेल याची. ओरडायला हवं होतं. मला तर वाटलं की मीच ओरडावं. पण मंगलनं पिशवी भिंतीला टेकवली, चप्पल काढली, पदर खोचला आणि गोठ्याच्या तोंडाशी गेली.

"म्हशी पिळल्या का?" तिनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला.

तिनं बादली घेतली आणि म्हशीखाली बसली. दुधाची धार पत्र्यावर पडायला लागली. आम्ही तिघी आपापल्या पिशव्या घेऊन घरी आलो.

पुष्कळ दिवस मी दिगंबरवर रागावून होते. दिसला की तोंड फिरवायची. मग एकदा तो शर्ट घेऊन आला, कॉलर उलटी करून द्या म्हणाला. पैसे देऊन झाल्यावरही उंबऱ्यात उभा राहिला. त्याच्या हातात शर्टाची पिशवी होती, ती तो उगीच घड्या घालत होता.

"छायाताई, एक सांगू का? त्या दिशी ती बसमदी हासून राहिली व्हती. तशी मी तिला कधी पाह्यलीच न्हाई. लगीन झाल्यापासून न्हाई." मग म्हणाला, "घरी आलो तर मला काही सुचेचना."

एवढंच. तो माफी मागत होता का तक्रार करत होता, तेही मला कळलं नाही. या माणसाला काय म्हणायचं? पोलिसात द्यावं असं त्यानं काही केलं नव्हतं. पंचांसमोर उभं करावं असंही नाही. गावात कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते, बायकोवर किती जीव आहे म्हणाले असते. तेव्हापासून मला जीव असण्याची थोडी भीती वाटते. कोणी कोणावर फार जीव आहे असं म्हणालं की आधी दार कुठं आहे ते मी बघते.

मंगलनं नंतर कधी तो विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही, आणि तिथंच सगळं गेलं. तिला वाटत असावं की आमची तिकिटं तिच्यामुळं बुडाली. आम्हाला वाटत होतं, तिला लाज वाटू नये म्हणून गप्प राहावं. अशा चांगुलपणानं माणसं किती लांब जातात. पुढच्या हंगामात ती आमच्यासोबत बसली खरी, पण दुपारी भाकर घेऊन बांधाच्या पलीकडं जायची. म्हणायची, तिथं सावली चांगली आहे. तिथं बाभळीचं एक खुरटं झाड होतं.

त्याच साली शिवारात पहिलं हार्वेस्टर आलं. आम्ही एका रानात बसलो होतो, आणि शेजारचं रान, जे आम्हाला तीन-चार दिवसांचं होतं, ते एका दुपारीत मोकळं झालं. धुळीचा लोट आमच्या अंगावर आला. जमुनाबाई उठून उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आपलं संपलं, बायांनो." रानमालकांचं काय चुकलं? मजूर मिळत नाहीत अशी त्यांची तक्रार असते, पाऊस कधीही येतो, शेंगा फुटून दाणा मातीत जातो. यंत्र स्वस्त पडतं. या गोष्टीत रागवायला माणूसच सापडत नाही.

जमुनाबाई मुलाकडं गेल्या, पनवेलला. तिथं बांधकामावरच्या पोरांचा स्वयंपाक करतात, पत्र्याच्या खोलीत. मी फोनवर विचारलं, "मग, पाह्यला का दर्या?" पलीकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. "न्हाई गेले गं," त्या म्हणाल्या. "पोराला सुट्टी न्हाई. आन् एकटीनं काय जायचं?" वर्ष होत आलं असेल त्याला. आता मी विचारत नाही. डब्यातलं जे उरलं होतं ते मी वाटून टाकलं. रेखानं गॅसची शेगडी घेतली. जमुनाबाईंचं त्यांच्या मुलाच्या फोनवर पाठवलं. माझ्या वाट्याचं मशीनच्या दुरुस्तीला गेलं, आणि मशीन त्यानंतर बरं चालतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मंगलनं तिचं घेतलंच नाही. "तिकिटात गेले समजा," म्हणाली आणि डोक्यावरचा भारा सावरत पुढं गेली.

हे सगळं मी आज का लिहिते आहे? वासानं आठवलं, हे खरं. पण चार दिवसांपूर्वी वैष्णवी माझ्याकडं आली होती.

वैष्णवी आता बारावीला आहे. आईसारखीच उंच, आईसारखीच कमी बोलणारी. मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि चिंध्या चिवडत राहिली. शेवटी म्हणाली, "मावशी, आमच्या कॉलेजची सहल चालली. कोकणात. दर्यावर."

मी शिवण थांबवलं.

"पैशाचं म्हणशील तर..."

"पैशाचं न्हाई. मैत्रिणींनी दिले मला. पाच जणींनी थोडे थोडे काढले. मी नको नको म्हणत व्हते." ती हे सांगताना लाजली, आणि तिच्या त्या लाजण्यात इतका आनंद होता की मला तिच्याकडं बघवेना. "बाबा काही म्हणले न्हाईत. आई न्हाई म्हणती. तुमी विचारता का तिला? तुमचं ऐकंल ती."

माझं ती ऐकेल असं मला वाटत नव्हतं. पण मी गेले. किती दिवसांनी त्या ओट्यावर बसले, माझं मलाच आठवेना. सासूबाई आता खरोखरच अंथरुणाला खिळल्या आहेत. आतून त्यांचं कण्हणं येत होतं. मंगल सोयाबीन पाखडत होती, यंत्रानं रानात सांडलेलं वेचून आणलेलं. केस पांढरे झालेत. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं.

"पोरगी चांगली हाय, मंगल. सोबत बाई असतात कॉलेजच्या. पैसे दिलेत पोरींनी. काहून अडवतीस?"

सूप थांबलं नाही. फोलपट उडत राहिलं.

"तुला वाटलं का मी ह्यांच्यासारखं करून राहिले?"

"तसं न्हाई गं."

"तसंच वाटलं तुला. वाटू दे." तिनं सूप खाली ठेवलं. कितीतरी काळानं तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मला राग चालला असता. "छाया, मी फलाटावरून वापस आले. निस्ती फलाटावरून. मी काही पाह्यलं बी न्हाई. तरी अजून मला इथं चालताना असं वाटतं की कोणीतरी मागून धरलंय. अन् ही तर जाईल, पाण्यात उभी राहील, पोरींसंगं हासंल. मग वापस येईल. पुढच्या साली हिचं लगीन करायचंय. कोणाच्या तरी घरी जाईल, म्हशी असतील, म्हातारी असंल, नवरा असंल. चांगलाच असंल. तवा ती काय करंल? ते बघून आल्यावर इथं कशी राहील ती?"

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. दिवस बदललेत, शिकून नोकरी करील, सगळ्या पोरींचं तसंच होत नाही. असली वाक्यं माझ्याजवळ पुष्कळ आहेत. विहारात कार्यक्रम असला की मी ती माइकवरून बोलते. पण तिच्या अंगणात बसून मला त्यातलं एकही वाक्य खरं वाटलं नाही. मी तिच्या सुपात हात घातला आणि तिच्यासोबत खडे काढत बसले. आतून म्हातारीनं पाणी मागितलं. मंगल उठून गेली.

बाहेर पडले तर वैष्णवी हातपंपाशी उभी होती. हंडा कधीच भरून वाहत होता, पण ती पंप हापसत होती. मी जवळ गेले. काय सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होते. पुढच्या साली जा, म्हणू. माझ्यासोबत चल, म्हणू.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पंप सोडला.

"असू द्या मावशी, आईला कोणीतरी विचारावं, एवढंच वाटत व्हतं," ती म्हणाली. "मी त्या पोरींचे पैसे वापस दिले. तुमच्याकडं आले ना, त्याच्या आदल्या दिशीच दिले."